मेंटेनरपदी निवड झाल्याबद्दल

आमच्या गावात पद मिळालं की बॅनर लागतो. पद कुठलंही चालतं. सोसायटीचा संचालक चालतो, शाळा समितीचा सदस्य चालतो, कुठल्याशा संघटनेचा तालुका उपाध्यक्षही चालतो. एकदा तर एकाच्या म्हशीला प्रदर्शनात दुसरा नंबर मिळाला तेव्हाही बॅनर लागला होता, आणि त्यावरच्या सगळ्या चेहऱ्यांत म्हशीचाच चेहरा समजूतदार दिसत होता.

मी परभणीच्या एका कॉलेजात अठरा वर्षं लॅब असिस्टंट आहे. कॉम्प्युटर चालू करणं, बंद करणं, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी बदलणं आणि प्राध्यापकांचे पासवर्ड त्यांच्या वतीनं लक्षात ठेवणं ही माझी कामं. या नोकरीत बॅनर लागावा असं काही घडत नाही. त्यामुळं ऐन दिवाळीत गावाच्या फाट्यावर माझा दहा फूट रुंद बॅनर लागला तेव्हा मी मोटरसायकल थांबवून तो चार वेळा वाचला. ‘आपल्या गावचे सुपुत्र यांची मेंटेनरपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!’ खाली बारा शुभेच्छुक, बाराही जण काळ्या चष्म्यात. त्यातल्या दोघांना मी ओळखतही नव्हतो.

हे पद काय होतं ते आधी सांगतो, कारण बॅनर लावणाऱ्यांनाही ते माहीत नव्हतं.

आमचं गाव पिंगळी स्टेशनापासून दोन कोसांवर. गावाजवळून कालव्याची चारी जाते आणि रब्बीत तिला पाळीनं पाणी येतं. कुणी कधी दार उघडायचं आणि किती तास पाणी घ्यायचं याची यादी पूर्वी मारुतीच्या देवळाच्या भिंतीवर खडूनं लिहीत. त्या भिंतीला टेकून बसणाऱ्या माणसांच्या पाठींनी ती पुसली जाई. मग ज्याची पाळी पुसली गेली तो आणि ज्याच्या पाठीला ती सापडली तो, यांची जुंपायची. मी कंटाळून एक छोटा प्रोग्राम लिहिला. शेताचं क्षेत्र टाकलं की तास निघतात आणि सगळ्यांची यादी छापून मिळते. पुण्याच्या एका मित्रानं तो प्रोग्राम नीटनेटका करून इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुला ठेवला. कुणीही फुकट वापरावा, आतला कोड बघावा, चूक दिसली तर दुरुस्त करून पाठवावी. याला ओपन सोर्स म्हणतात. दोन-तीन वर्षांत ठिकठिकाणची दहा-बारा माणसं जमली. एकमेकांची तोंडंही न पाहिलेली माणसं, पण कालव्याच्या पाण्यावरून तळमळणारी. दुसऱ्या कालव्यांवरच्या पाणीवापर संस्थाही आमचा प्रोग्राम वापरायला लागल्या.

माणसं वाढली तशी कुणाचं ऐकायचं यावरून कुरबुर सुरू झाली, म्हणून आम्ही दोन पानांचे नियम केले. जो चूक दाखवतो किंवा काही लिहून पाठवतो तो सदस्य. ज्याचं काम वारंवार चांगलं ठरलंय तो तपासनीस, त्यानं इतरांचं काम वाचायचं. आणि प्रोग्रामच्या एकेका भागाला एकेक मेंटेनर, म्हणजे त्या भागाची देखभाल करणारा. त्याची मान्यता मिळाल्याशिवाय त्या भागात कुणाची एक ओळही आत जायची नाही. स्वतःचं काम स्वतःच मान्य करायला मात्र सगळ्यांनाच बंदी, मग तो मेंटेनर का असेना. पाण्याचे तास काढण्याचा भाग मी मुळात लिहिलेला होता, म्हणून तो माझ्याकडं आला.

ते नियम इंग्रजीत होते. त्यांचं मराठी मीच केलं आणि मोठ्या हौसेनं केलं. पहिल्या पानावर पदं आणि अधिकार. दुसऱ्या पानावर जबाबदाऱ्या. आलेल्या दुरुस्तीला आठ दिवसांत उत्तर द्यावं. जमणार नसेल तर तसं स्पष्ट कळवावं आणि काम दुसऱ्याकडं सोपवावं. महिनाभर जमलं नाही तर आपलं नाव आपणच माजी सदस्यांच्या यादीत न्यावं, त्यात कसलाही कमीपणा नाही. हे शेवटचं वाक्य तर मी दोनदा घोटून लिहिलं होतं.

आता या सगळ्याचा बॅनर कसा झाला, तर माझ्या आक्कामुळं. आक्का माझ्याहून आठ वर्षांनी मोठी, आमच्याच चारीवरच्या खालच्या गावात दिलेली. दाजी ट्रकवर असतात आणि महिन्यातून चार दिवस घरी दिसतात, म्हणून शेती तीच बघते. तिचं रान चारीच्या अगदी टोकाला. त्या टोकाला आमच्याकडं टेल म्हणतात. मी तिला फोन करून सांगितलं, मेंटेनर झालो म्हणून.

“म्हंजे काय रं?”

“म्हणजे माझ्या मंजुरीशिवाय तिथं काही होत नाही.”

“आगं बया! म्हंजे तहसीलदारासारखं!”

इथं मी नाही म्हणायला पाहिजे होतं. अठरा वर्षं वायरी बदललेल्या माणसाच्या तोंडून ते ‘नाही’ काही निघालं नाही. “तसंच काहीसं,” मी म्हणालो. आक्का दुसऱ्या दिवशी बाजाराला निघाली होती. एसटीत तिनं कुणाकुणाला सांगितलं माहीत नाही, पण दुपारपर्यंत गावाला तहसीलदार मिळालेला होता.

मग ग्रामपंचायतीसमोर सत्कार झाला. शाल, नारळ, फेटा. पदाची माहिती लोकांना वाटावी असं ठरलं म्हणून मी ती दोन पानं झेरॉक्सवाल्याकडं दिली. त्याच्या मशीनमधली शाई पहिल्या पानातच संपली, तेव्हा तेवढंच वाटलं गेलं. सरपंचांनी पदं आणि अधिकार मोठ्यानं वाचून दाखवले. टाळ्या पडल्या. दुसरं पान आहे हे तिथं एकट्या मला माहीत होतं, आणि माझ्या डोक्यावर फेटा होता. पाणीवापर संस्थेचे सेक्रेटरी, जे मला लहानपणापासून ‘ये बारक्या’ म्हणत आले, ते त्या दिवसापासून मला साहेब म्हणायला लागले.

त्यानंतर कॉलेजात सत्कार झाला. जिंतूरला सासुरवाडीत झाला. झरीला एका मोबाइलच्या दुकानाची फीत कापायला बोलावलं तर तिथंही मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. बायको म्हणाली, “घरातली शालींची चळत बघा, तिला आता थंडी कमी पडायलीय.” मी तिच्याकडं दुर्लक्ष केलं. मोठ्या माणसांच्या बायका असं बोलतातच, असं तेव्हा मला खरंच वाटत होतं.

याच धामधुमीत एक दुरुस्ती आली. पाठवणाऱ्या बाई जिंतूरच्या एका शाळेत गणित शिकवतात आणि आमच्या टीममध्ये तपासनीस आहेत. त्यांनी लिहिलं होतं: ‘सर, एका दारापासून पुढच्या दारापर्यंत चारीतून पाणी पोचायला वेळ लागतो. आपला प्रोग्राम तो वेळ पुढच्या शेतकऱ्याच्या वाट्यातून कापतो. टेलच्या माणसाचं सगळ्यात जास्त पाणी त्यामुळं जातं. दुरुस्ती जोडली आहे. पाहून कळवावं.’

मी पहिलं वाक्य वाचलं आणि माझं डोकं फिरलं. तासांचा भाग मी लिहिला, पाळीवरून मारामाऱ्या मी बघितल्या, आणि मला जिंतूरहून पाणी शिकवतायत! बघू, म्हणून मी ते बाजूला ठेवलं. दुसऱ्या आठवड्यात बाईंचं स्मरणपत्र आलं, ‘सर, वेळ मिळाल्यावर पाहावं.’ चौथ्यात आलं, ‘सर, कालवा सुटायची तारीख आली आहे.’ पुण्याच्या मित्रानं लिहिलं, ‘बाकी सगळ्यांनी तपासलंय. फक्त तुझी मान्यता राहिली आहे.’ हे वाक्य मी परत परत वाचलं. फक्त तुझी मान्यता राहिली आहे. कुणीतरी आपल्या दाराशी ताटकळतंय याचं सुख काय असतं ते मला चाळिशी उलटल्यावर पहिल्यांदा कळत होतं, आणि ते लवकर संपू नये असं वाटत होतं. लिहायला लाज वाटते, पण तसंच वाटत होतं. कॉलेजसमोरच्या चहाच्या टपरीवर मी सहकाऱ्यांना सांगितलंसुद्धा, “माझ्याशिवाय तिथं पान हलत नाही.” ते अगदी खरं होतं. पाच आठवडे तिथं काहीच हललं नव्हतं.

रब्बीची पहिली पाळी झाली आणि आक्काचा फोन आला. तिनं दोन एकर हरभरा केला होता.

“यादीत पाच तास लिवलेत रं. वरच्यानं दहाला दार लावलं. तिथून माझ्यापर्यंत पाणी यायला दीड तास गेला. तीनला पाटकरी येऊन बंद करून गेला. खालचा तुकडा कोरडाच ऱ्हायला.”

“सेक्रेटरींकडं जा,” मी म्हणालो. मी तेव्हा सत्काराला निघालो होतो.

“गेले होते. बघू म्हणले. दुसऱ्या पाळीला घाटे भरायच्या टायमाला असंच झालं तर खालचं सगळं पोचट निघल बघ.”

“होईल काहीतरी,” मी म्हणालो. पदावरची माणसं हे वाक्य फार सहज म्हणतात.

दुसऱ्या पाळीला चार दिवस उरले होते. भर दुपारी मी लॅबमध्ये एका कॉम्प्युटरची धूळ झटकत होतो तेव्हा आक्का दारात उभी राहिली. एसटीनं आली होती. हातात घडी घातलेला कागद. मी खुर्ची पुढं केली तर ती बसली नाही, भिंतीकडच्या बाकावर टेकली आणि तिथूनच कागद पुढं केला. मी उघडला. ‘मा. मेंटेनर साहेब यांचे सेवेशी. विषय: टेलच्या शेतकऱ्यास पूर्ण पाणी मिळणेबाबत. अर्जदार...’ आणि खाली माझ्या सख्ख्या बहिणीची सही.

“आक्का, चेष्टा करायलीस का?”

“चेष्टा कशाची? सेक्रेटरी म्हणले, ते समदं प्रोग्राममधी हाय, आपल्या हातात काई न्हाई. मेंटेनर साहेबाला लेखी द्या. मी म्हणलं, आवो तो मपला भाऊच हाय. तर म्हणले, भाऊ घरी. पदावर असला की साहेब. लेखीच लागतंय. त्यांनीच लिहून दिलं. तारीख टाकलीय. तू फकस्त पोच दे.”

ती खरंच पोच मागत होती. शिक्का असतो का, असंही तिनं विचारलं. तिच्या चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता. उलट साहेबाच्या वेळेत आपण आलो याचा थोडा संकोचच होता. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

काम चालू आहे असं दाखवावं म्हणून मी कॉम्प्युटर उघडला. जिंतूरच्या बाईंचं पत्र सगळ्यात वर होतं, त्यांनी सकाळीच पुन्हा आठवण केली होती. आक्का उठून माझ्या मागं येऊन उभी राहिली.

“हे कुणाचं?”

“जिंतूरच्या एका बाईंचं.”

“काय म्हणायल्यात?”

मी वाचून दाखवलं. एका दारापासून पुढच्या दारापर्यंत पाणी पोचायला वेळ लागतो, ते टेलच्या माणसाच्या पाण्यापर्यंत. सगळं पत्र मी स्वतः त्या क्षणी पहिल्यांदा वाचत होतो.

“ही तर मपलीच गोष्ट हाय की रं,” आक्का हरखून म्हणाली. “त्यांना जिंतुरात कसं कळलं? लय हुशार बाई दिसायलीय. कधी आलंय हे?”

पत्राच्या डोक्यावर तारीख होती. आक्का सातवी शिकलेली आहे आणि तारखा मोजायला तिला कुणी लागत नाही.

“मग ऱ्हायलंय कशामुळं? मंजुरी कुणाची पायजे?”

लॅबमधला पंखा खडखडत होता. आक्कानं एकदा पडद्याकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. मग टेबलावरचा अर्ज उचलला, होता तसा घडी घातला आणि कमरेच्या पिशवीत ठेवला.

“पोच ऱ्हाऊ दे,” ती म्हणाली. “तीनची गाडी हाय मला.”

चहाला थांब म्हणायचंही मला सुचलं नाही. ती ओरडली असती, चारचौघांत माझा पाणउतारा केला असता तर मला बरं वाटलं असतं. तिनं माझी अब्रू राखली, आणि तेच मला सहन होईना.

ती गेल्यावर मी बाईंची दुरुस्ती उघडली. खोटं सांगत नाही, आधी मी तिच्यात चूक शोधली. एखादी सापडली तर उशीर झाला त्याला काही कारण तरी होईल. चाळीस ओळी मी तीन वेळा वाचल्या. शेवटी एक रिकामी ओळ जास्तीची निघाली. बाकी सगळं बिनचूक होतं. चूक माझ्या मूळच्या कोडमध्ये होती, पहिल्या दिवसापासून. आमचं घरचं रान चारीच्या तोंडाशी आहे. तिथं दार उघडलं की पाणी पायाशी येतं. पाणी वाटेत वेळ घेतं हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

मी मान्यता दिली. ते करायला बोटाची एक टिचकी पुरली. पुण्याच्या मित्रानं त्याच दिवशी नवी आवृत्ती काढली, सेक्रेटरींनी नवी यादी छापली, आणि आक्काच्या नावापुढं दहाच्या ऐवजी साडेअकराची वेळ आली. पाच तास, साडेअकरापासून.

मग मी नियमांचं दुसरं पान काढलं, मीच मराठी केलेलं. माझं नाव मेंटेनरच्या यादीतून काढून माजी सदस्यांत नेलं, माझ्या जागी बाईंची शिफारस वेगळी केली आणि दोन्ही पाठवून दिलं. पाठवल्यावर आठवलं, स्वतःचं काम स्वतः मान्य करता येत नाही. म्हणजे माझा राजीनामासुद्धा आता मान्यतेच्या रांगेत उभा! दोन दिवस मी दर तासाला बघत होतो. कुणाच्या दाराशी ताटकळणं कसं असतं तेही शिकून झालं. नावांच्या यादीला कुठल्याही तपासनीसाची मान्यता चालते; तिसऱ्या दिवशी बाईंची आली. खाली एकच ओळ होती: ‘दुसऱ्या पानाचं मराठी फार चांगलं झालं आहे, सर.’

सेक्रेटरींचा फोन आला. “साहेब, पद गेलं म्हणं? कुणी काढलं?”

“मीच सोडलं.”

“आमाला सांगा की. फाट्यावर निषेध करू.”

आमच्या गावात पद आपणहून कुणी सोडत नाही. त्यामुळं माझ्यावर अन्याय झालाय, असंच गाव आजही धरून चाललंय.

दुसऱ्या पाळीच्या दिवशी मी रजा काढली आणि सकाळीच आक्काच्या रानात गेलो. ती चारीच्या काठावर उभी होती. अर्जाचा विषय तिनं काढला नाही, मीही काढला नाही. ओढ्याजवळ उंदरांनी चारीचा काठ पोखरला होता. तिथून पाणी फुटलं तर पाच काय, दहा तास दिले तरी खाली पोचणार नव्हतं. आक्कानं कडब्याच्या गंजीवर झाकलेला एक मोठा प्लास्टिकचा तुकडा ओढत आणला आणि भगदाडावर पसरला. तो माझा बॅनर होता. फाट्यावरून उतरवला तेव्हा तिनं तो मागून नेला होता, हे मला माहीतच नव्हतं.

“तोंड वरी केलंय तुपलं,” ती म्हणाली. “चिखलात नको म्हणून. आता हितं पाय दे दाबून. मी माती आणते.”

“आक्का, माझ्या तोंडावरच पाय येतोय माझा.”

“येऊ दे. काढू नको. पाणी जाईल.”

मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उभा राहिलो. एक पाय फेट्यावर, एक हार्दिक अभिनंदनावर. आक्का पाट्या भरभरून माती आणून टाकत होती. बाराही शुभेच्छुक एकेक करून मातीखाली गेले. साडेअकराला पाणी आलं. बॅनरला धडकलं, थोडं वर चढलं आणि वळसा घालून खाली आक्काच्या दाराकडं गेलं. भगदाडातून थेंब गेला नाही. मेंटेनर म्हणून मी केलेलं हे पहिलं काम, तेही पद सोडल्यावर.

साडेचारला पाटकऱ्यानं दार लावलं. खालचा तुकडा पुरता भिजला होता. आक्का बांधावरून चालत आली, चारीत हात धुतले, पदराला पुसले आणि कमरेच्या पिशवीतून तो कागद काढला. घड्या मऊ पडल्या होत्या.

“आता दे पोच.”

मी तिच्याच पेननं लिहिलं, पाणी मिळालं. खाली सही केली, तारीख घातली.

“पद लिव की खाली.”

“पद राहिलं नाही आता.”

“आसं व्हय,” ती म्हणाली. ती कागदावर फुंकर घालत होती, शाई वाळावी म्हणून. मग माझ्याकडं न बघता तिनं विचारलं, “एवढं एक बोट लावायचं होतं, तर इतके दिस थांबवलंस कशाला रं?”

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरोखरच समजत नव्हतं, आणि मी सांगेन म्हणून ती थांबली होती. मी खाली वाकलो आणि बॅनरवरची माती हातानं बाजूला करायला लागलो. आक्का अजून उभीच होती.

“काढू नको ते,” ती म्हणाली. “पुढच्या पाळीला लागंल.”